बाबांना भामरागडला न्यायचं आहे, घरचे नको म्हणतात. माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझे बाबा १९८७ ते १९९३ अशी सहा वर्षं गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिक्षक होते. आता वय ७२. दिवाळीत सगळे जेवायला बसलो असताना म्हणाले, "मोहाची फुलं पडतात त्या दिवसांत एकदा तिकडं जाऊन यावं म्हणतो." आईनं हातातला डाव पातेल्यात ठेवला आणि उठून आत गेली. तेव्हापासून घरात हा विषय कुणी काढत नाही.

आम्ही कराडचे. इकडं गडचिरोली म्हटलं की लोकांना एवढंच माहीत असतं की तिथं बदली म्हणजे शिक्षा. आत्याचा फोन आला, "म्हाताऱ्या माणसाला नक्षलवाद्यांत नेऊन सोडणार आहेस का?" मी काय बोलणार?

आमच्या स्वयंपाकघरात खुंटीला एक तुंबा टांगलेला आहे. वाळवलेल्या भोपळ्याचा, गळ्याशी चीर गेलेली, ती बाबांनी तांब्याच्या तारेनं बांधून घेतली आहे. शाळेतल्या एका माडिया आदिवासी मुलाच्या वडिलांनी निघताना दिला होता. बाबा तो दर रविवारी खाली काढतात, कोरड्या फडक्यानं पुसतात आणि परत टांगतात. त्या मुलाचं गाव त्यांना पाठ आहे, वाटेतले नालेसुद्धा. तो आता पन्नाशीला आला असेल. बाबांना त्याला भेटायचं आहे.

भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात १५ पोलीस गेले. ते ठिकाण कुरखेड्याकडचं, जिल्ह्याच्या पार उत्तर टोकाला, भामरागड दक्षिणेला. पण एप्रिल २०१८ ची कसनासूरची मोठी चकमक भामरागडच्याच बाजूच्या जंगलात झाली होती. पुढं ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षल्यांचा मोठा नेता भूपती यानं ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. बातम्या वाचून एवढं समजतं. रोजचं जगणं कसं आहे ते कळत नाही. २८ जुलै ते ३ ऑगस्टचा आणि २ ते ८ डिसेंबरचा, हे नक्षल्यांचे दोन सप्ताह आले की अजूनही एसटी बंद होते का? दुकानं उघडी असतात का? परक्या नंबरची गाडी दिसली की पोलीस मदत केंद्रावर थांबवून विचारतात का, की आपणच आधी जाऊन नाव-पत्ता सांगावा? आपण होऊन सांगणं मला बरं वाटतं, पण त्यानं बाबांच्या त्या माणसाला गावात काही त्रास होणार असेल तर नको.

खरं सांगायचं तर मला धाक आहे तो वेगळ्याच गोष्टींचा. बाबांना मधुमेह आहे, तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे. भामरागडपासून गडचिरोलीचं जिल्हा रुग्णालय पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात. हेमलकशाला लोकबिरादरीचा दवाखाना जवळ आहे, पण रात्री छातीत दुखलं तर हृदयाचे उपचार नेमके कुठवर मिळतात? रुग्णवाहिकेला किती वेळ लागतो? दुसरं, मलेरिया. बाबांना तिथं दोनदा झाला होता, एकदा डोक्यात चढला होता. डॉक्टर म्हणतात, पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत जाऊच नका. शिवाय पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, त्यामुळं पावसाळा तसाही बाद. मग फेब्रुवारी की मार्च? मोह मार्चमध्ये पडायला लागतो, पण तिथलं मार्चचं ऊन त्यांना सोसेल का?

तिसरी गोष्ट रस्ता. कराडहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं नागपूर, तिथून भाड्याची गाडी, पहिला मुक्काम गडचिरोलीत, दुसऱ्या दिवशी आष्टी, आलापल्ली, ताडगाव करत भामरागड, असं ठरवतोय. आष्टी-आलापल्ली पट्ट्यात सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक सारखे असतात आणि रस्त्याची वाट लागली आहे असं ऐकलं. सध्या काय अवस्था आहे? अंधार पडायच्या आत पोचायचं तर गडचिरोलीहून किती वाजता निघावं? आणि आलापल्लीच्या पुढं मोबाईलला रेंज कुठंकुठं मिळते?

हे शेवटचं विचारतोय ते आईसाठी. त्या सहा वर्षांत ती मला घेऊन कराडलाच होती. बाबा गेले तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. बाबांचं पत्र यायला पंधरा-पंधरा दिवस लागायचे. रेडिओवर गडचिरोलीचं नाव आलं की ती पुढचं पत्र येईपर्यंत नीट जेवायची नाही, असं आजी सांगायची. तिच्यापुढं बातम्यांची कात्रणं ठेवून काही होणार नाही. ती म्हणते, "तेव्हाही सगळे ठीक आहे म्हणूनच सांगायचे."

म्हणून एक विनंती. भामरागड, ताडगाव, पेरमिली भागात सध्या नोकरीला असलेल्या कुणी शिक्षिका किंवा सिस्टर हे वाचत असतील, तर आईशी पाच-दहा मिनिटं फोनवर बोलाल का? जे आहे ते सांगा, जाऊ नका असं वाटत असेल तर तेही सांगा. मला व्यक्तिगत निरोप पाठवा, मी नंबर कळवतो. दुपारी तीननंतर ती मोकळी असते.