रजिस्टरात पत्ता बरोबर दिसतोय, तरी एस०सी४ का?

जुना_कोबॉल:
मेनफ्रेमवरचा एक बॅच प्रोग्रॅम एंटरप्राइझ कोबॉल ४.२ वरून ६.३ वर रीकंपाइल केला. सोर्समध्ये एका अक्षराचाही बदल नाही. तो एका जुन्या असेंब्लर सबरुटीनला डायनॅमिक कॉल करतो आणि ती दोन एमव्हीसी (बाइट कॉपी करणारी मशीन-सूचना) मारून ३०० बाइटचा रेकॉर्ड दुसऱ्या फील्डमध्ये कॉपी करते. आता पहिल्याच एमव्हीसीवर एस०सी४ (मेमरीचा पत्ता चुकल्याने प्रोग्रॅम अचानक बंद पडणं, म्हणजे ॲबेंड), रीझन कोड ११. प्रोग्रॅमची चालू स्थिती दाखवणाऱ्या पीएसडब्ल्यूचा दुसरा शब्द ००००७२१६, सोर्सचा पत्ता रजिस्टर २ मध्ये: हेक्स १९३४२०४०. डंपमध्ये त्या पत्त्यावर बघितलं तर रेकॉर्ड तिथे व्यवस्थित बसलेला आहे! जुन्या लिस्टिंगमध्ये कंपाइलर ऑप्शन नोरेंट होतं, नव्यात रेंट आणि डेटा(३१). टेस्टमध्ये कधीकधी जॉब आरसी ०० ने (म्हणजे यशस्वी म्हणून) संपतो, पण आउटपुटमध्ये कचरा येतो.
दुसरं म्हणजे, रेकॉर्डची लांबी पुढे ० ते ४००० बाइट अशी बदलती होणार आहे. कॉपीसाठी काय वापरावं?

बेस_रजिस्टर:
उत्तर तुमच्या पीएसडब्ल्यूमध्येच आहे. त्या दुसऱ्या शब्दाचा सगळ्यात वरचा बिट चालू असता तर तो ८ ने सुरू झाला असता. तो ० ने सुरू होतोय, म्हणजे सबरुटीन एमोड २४ मध्ये, म्हणजे २४ बिटांच्या पत्त्यांच्या मोडमध्ये, चालू आहे. या मोडमध्ये पत्ता काढताना मशीन वरचा बाइट बघतच नाही. रजिस्टरात १९३४२०४० असलं तरी हात घातला जातो ००३४२०४० ला. ते पान वाटप झालेलं नसेल तर रीझन ११. झालेलं असेल तर तिथे जे काही पडलंय ते निमूट कॉपी होतं, हाच तुमचा आरसी ०० वाला कचरा. आणि टार्गेटचा पत्ताही असाच कापला गेला, तर भलत्याच कुणाच्या तरी डेटावर लिहिलं जातं. त्यापेक्षा ॲबेंड परवडला.

आधी हे का चाललं? नोरेंटमध्ये वर्किंग-स्टोरेज (प्रोग्रॅमचा डेटा) मॉड्यूलच्या आतच असायचं आणि मॉड्यूल १६ एमबीच्या लाइनखाली, म्हणजे २४ बिटांच्या पत्त्याच्या आवाक्यात, लोड व्हायचं. रेंट आणि डेटा(३१) मुळे ते आता लाइनच्या वर गेलं. डायनॅमिक कॉलच्या वेळी रनटाइम मोड २४ वर नेतो आणि परतताना पूर्ववत करतो, पण पॅरामीटर कुठे आहेत याची काळजी तो घेत नाही.

आज रात्रीचा जॉब वाचवायचा असेल तर कोबॉल डेटा(२४) ने कंपाइल करा. ऑल३१(ऑफ) आणि स्टॅक बिलो हे रनटाइम ऑप्शन आहेत ना, तेही बघून घ्या.

बाइंडरवाला:
डेटा(२४) ही मलमपट्टी झाली. लाइनखालची जागा आधीच चिमूटभर. शिवाय लोकल-स्टोरेजवर डेटा ऑप्शनचा काही परिणाम होत नाही. ते स्टॅकमध्ये असतं.

सबरुटीन एमोड ३१, आरमोड (मॉड्यूल कुठे लोड होतं ते) २४ करा. मॉड्यूल खालीच राहतं, त्यामुळे आत डीसीबी (फाइलची माहिती ठेवणारा ब्लॉक) असला तरी बिघडत नाही. मात्र बाइंडरमध्ये (मॉड्यूल जोडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) नुसतं मोड कार्ड बदलून मोकळे होऊ नका, आधी सोर्स वाचा. त्या काळात पत्त्याच्या वरच्या बाइटमध्ये फ्लॅग ठेवायची सर्रास पद्धत होती. ३१ मध्ये तो फ्लॅग पत्त्याचाच भाग होतो. आयसीएम (मास्कप्रमाणे निवडक बाइट रजिस्टरात भरणारी सूचना) मास्क ०१११ ने तीनच बाइट उचलले असतील तर पत्ता तिथेच कापला जातो. वरचा बाइट साफ करायला एलए (पत्ता लोड करणारी सूचना) वापरलं असेल, तर ३१ मध्ये ते फक्त एकच बिट साफ करतं. बाल, बालर (परतीचा पत्ता ठेवून उडी मारणाऱ्या सूचना) दिसले की बास, बासर करा, कारण २४ मध्ये बाल वरच्या बाइटात कंडिशन कोड आणि प्रोग्रॅम मास्क भरतं आणि त्यावर विसंबलेला कोड ३१ मध्ये फसतो. पॅरामीटर लिस्टमधल्या शेवटच्या पत्त्याचा वरचा बिट चालू असतो. ॲड्रेसिंगला त्याचा त्रास नाही, पण दोन पत्त्यांची तुलना करत असाल तर आधी तो काढा.

(स्टॅटिक कॉलमध्ये मोड बदलतच नाही. म्हणजे दुसऱ्या कुठल्या ३१ वाल्या प्रोग्रॅममध्ये हीच रुटीन स्टॅटिक लिंक असेल, तर ती आधीपासूनच ३१ मध्ये चालते आहे. तेही शोधा.)

ईबीसीडिक:
कॉपीबद्दल. एमव्हीसीची लांबी एका बाइटात, तीही एकने कमी करून साठवलेली, म्हणून कमाल २५६. ईएक्सने (दुसरी सूचना चालवणाऱ्या सूचनेने) लांबी द्यायची तर आधी एक वजा करावा लागतो, आणि तुमच्याकडे लांबी ० येऊ शकते. ० वजा १ केलं की खालचा बाइट एफएफ होतो आणि २५६ बाइट कॉपी होतात. वजा करण्याआधी लांबी ० आहे का ते एलटीआरने तपासा.

४००० साठी सरळ एमव्हीसीएल, म्हणजे मोठ्या लांबीसाठीची एमव्हीसी. सम-विषम जोड्या लागतात: ४ मध्ये टार्गेटचा पत्ता, ५ मध्ये त्याची लांबी, ६ मध्ये सोर्स, ७ मध्ये सोर्सची लांबी. लांबी २४ बिटांची, म्हणजे १६ एमबीला एक बाइट कमी. ७ च्या वरच्या बाइटात पॅड (उरलेली जागा भरायचा बाइट): आधी लांबी लोड करा, मग आयसीएम मास्क १००० ने हेक्स ४० (स्पेस) टाका. उलट क्रमाने केलं तर पॅड पुसला जातो, शेपटीत लो-व्हॅल्यूज (हेक्स ००) भरतात आणि कोबॉलमध्ये स्पेसेसशी तुलना जुळत नाही. सोर्सची लांबी ० असली तरी चालतं, सगळं टार्गेट पॅडने भरतं. चारही रजिस्टर बदलतात हे लक्षात ठेवा.

आणखी एक: जुन्या कोडमध्ये एमव्हीसीने फील्ड स्वतःवरच एक बाइट सरकवून स्पेस पसरवल्या असतील, तर तिथे एमव्हीसीएल घालू नका. एमव्हीसी डावीकडून एकेक बाइट जातं म्हणून ती युक्ती चालते. एमव्हीसीएल अशा ओव्हरलॅपला कंडिशन कोड ३ देऊन काहीच हलवत नाही, आणि तो कोड कुणी तपासत नाही.

जुना_कोबॉल:
सोर्समध्ये आयसीएम ०१११ दोन ठिकाणी सापडलं, बालर पाच ठिकाणी. आज डेटा(२४) ने जॉब सोडतो, रुटीन पुढच्या रिलीजला ३१ वर नेतो.