मदत हवी आहे: प्युअर डेटामध्ये तंबोरा, खर्ज चढा लागतोय

रियाज_सदाशिव

नमस्कार मंडळी. गाण्याच्या क्लाससाठी प्युअर डेटामध्ये (बॉक्स जोडून आवाज घडवायचं सॉफ्टवेअर, त्यातली जोडणी म्हणजे पॅच) चार तारांचा तंबोरा करतोय. पट्टी काळी एक. पंचम १०३.९४, जोड (मधल्या दोन तारांचा सा) १३८.५९, खर्ज (खालचा सा) ६९.२९५ हर्ट्झ. रास्पबेरी पाय आणि तपकीर गल्लीतून आणलेलं यूएसबी साउंड कार्ड. सॅम्पल-रेट सध्या ४४१००.

एका तारेचा पॅच 'तार' नावाने सेव्ह केलाय. 'नॉइज~'चा छोटा झटका 'डिलराइट~ तंतू ५०' मध्ये (आवाज साठवून उशिरा परत देणारी डिले लाइन) जातो. 'डिलरीड४~ तंतू' मधून निघालेला आवाज 'लॉप~ ४०००' (लो-पास फिल्टर), मग 'हिप~ ५' (हाय-पास फिल्टर), मग '*~ ०.९९८' (गुणक) असा लूपमध्ये फिरून परत 'डिलराइट~'मध्ये. डिलेचा वेळ १००० भागिले वारंवारता, म्हणजे खर्जाला १४.४३१ मिलिसेकंद.

अडचणी:
१) एकेक तार नीट वाजते, पण चार एकदम टाकल्या की सगळा गोंधळ. कन्सोलमध्ये 'मल्टिप्लाय डिफाइन्ड' असं येतं.
२) एकटा खर्जसुद्धा सुरात नाही. हेडफोनवर 'ऑस्क~ ६९.२९५'च्या साध्या सुरासोबत ऐकला की दीडेक सेकंदाला एक लाट येते, आणि खर्ज चढा वाटतो.
३) प्रत्येक छेडीला 'टक्' असा आवाज.
४) सोबत 'टॅबप्ले~'वर तीनतालाचा रेकॉर्ड केलेला ठेका आहे. तो संथ होतो, डग्गा ढिला पडल्यासारखा वाटतो.

(ऑब्जेक्टची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, पॅचमध्ये अर्थातच रोमन आहेत.)

पॅचदोरा

पहिली अडचण सोपी आहे. चारही प्रती 'तंतू' याच नावाची डिले लाइन बनवतायत, त्यामुळे कोण कुठून वाचतंय याचा भरवसा नाही. दोन्ही ठिकाणी '$०-तंतू' करा. '$०' प्रत्येक प्रतीला वेगळा आकडा देतो. हे ऑब्जेक्ट बॉक्समध्येच चालतं, मेसेज बॉक्समध्ये '$०' उलगडत नाही, तिथे फसू नका. वारंवारता '$१'ने घ्या, म्हणजे 'तार ६९.२९५' लिहिलं की तार तयार.

'टक्'चं कारण: झटका तुम्ही '*~'ला १ आणि ० पाठवून उघड-बंद करत असाल. ते बदल ६४ सॅम्पलच्या ब्लॉकच्या सीमेवरच लागतात, म्हणजे ४४१०० वर १.४५ मिलिसेकंदांच्या पायऱ्या, आणि त्याही एकदम उभ्या. 'व्हीलाइन~' वापरा, मेसेज '१ ०.५, ० ६ १': अर्ध्या मिलिसेकंदात वर, मग सुरुवातीपासून १ मिलिसेकंद झाल्यावर ६ मिलिसेकंदांत खाली. 'नॉइज~'नंतर आणखी एक 'लॉप~ २०००' लावलात तर छेड नखाची न वाटता बोटाची वाटेल.

खर्जाचं कारण 'लॉप~' असावं. फिल्टरलाही स्वतःचा उशीर असतो. ४०००च्या 'लॉप~'चा ४४१०० वर सुमारे ०.७५ सॅम्पल, म्हणजे ०.०१७१ मिलिसेकंद. तेवढा डिलेच्या वेळातून वजा करा.

डेसिबल_कट्टा

वजाबाकी बरोबर आहे, पण ती या दुखण्यावरचं औषध नाही. 'लॉप~' उशीर वाढवतो, म्हणजे सूर उतरतो: जोडीला सुमारे ४ सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग), खर्जाला २. इथे खर्ज चढा आहे.

दोषी 'हिप~ ५' आहे. हाय-पास फिल्टर खालच्या सुरांना फेजमध्ये पुढे ढकलतो. ६९ हर्ट्झला ५ हर्ट्झचा 'हिप~' सुमारे ४.१ अंश पुढे नेतो, म्हणजे ध्वनिलहरीच्या एका आवर्तनाचा १.१५ टक्के. लूपच्या आत असल्यामुळे मूळ स्वर जवळजवळ २० सेंट चढतो. 'लॉप~'चे २ वजा करा, १८ उरले, ०.७ हर्ट्झचा फरक. तुमची दीड सेकंदाची लाट तीच.

याहून वाईट म्हणजे दुसरा स्वयंभू स्वर (मूळ स्वराच्या दुप्पट वारंवारतेचा) फक्त ५ सेंट चढतो आणि वरचे त्याहून कमी. तारेचे स्वर आपसातच जुळत नाहीत. म्हणून नुसता डिले वाढवून हे सुटणार नाही: मूळ स्वर जुळवाल तर वरचे उतरतील. तंबोऱ्याचा सगळा जीव त्या वरच्या स्वरांत आहे, तिथे तडजोड नको.

'हिप~' लूपमधून काढा आणि चारही तारांची बेरीज झाल्यावर, 'डॅक~'च्या (आवाज कार्डाकडे पाठवणारा ऑब्जेक्ट) आधी, एकच लावा. डीसीचा (सिग्नल शून्यापासून एका बाजूला सरकून राहण्याचा) बंदोबस्त तिथेही होतो. मग 'लॉप~'ची वजाबाकी करा.

तपासायला स्वर मोजणारा 'सिगमंड~' घ्या, पण डीफॉल्ट १०२४ पॉइंटवर तो साधारण ८६ हर्ट्झच्या खाली धरत नाही, खर्ज निसटेल. '-एनपीटीएस ४०९६' द्या. मिडी स्वरक्रमांक खर्जाला ३७, जोडीला ४९, पंचमाला ४४.०२ यायला हवा. पंचमाला नेमके ४४ आले तर तो पियानोचा पंचम, आपला नव्हे.

ठेका: फाइल ४८०००ची असणार. 'टॅबप्ले~' सॅम्पलला सॅम्पल वाजवतो, रेट बदलत नाही. म्हणून सुमारे दीड सेमीटोन खाली, आणि १६ सेकंदांचं आवर्तन १७.४ सेकंदांचं.

रियाज_सदाशिव

'$०' आणि 'हिप~' दोन्ही केलं. खर्जाची लाट गेली, 'सिगमंड~' ३७.०० वर स्थिर. 'टक्' पण गेलं. ठेक्यासाठी सगळंच ४८००० करू का? आणि नवीन प्रश्न: दोनेक मिनिटांनी आवाज भरत जाऊन फाटतो.

डेसिबल_कट्टा

कार्डला ४८००० चालत असेल तर करा. पण मग 'लॉप~'चा उशीर ०.०१९ मिलिसेकंद होतो, तो आकडा बदला.

फाटण्याचं कारण ०.९९८. हा गुणक लूपच्या दर फेरीला लागतो, त्यामुळे खर्ज ६० डेसिबल उतरायला जवळजवळ ५० सेकंद घेतो, जोड २५. पुढची छेड आधीच्या शिल्लक आवाजावर चढते आणि बेरीज १ च्या पलीकडे गेली की 'डॅक~' कापतो. प्रत्येक तारेला वेगळा गुणक द्या. १० सेकंदांच्या आसेसाठी खर्ज ०.९९०१, पंचम ०.९९३४, जोड ०.९९५०. सूत्र: ०.००१ चा घात (१ भागिले (वारंवारता × सेकंद)). शेवटी बेरजेला '*~ ०.२'.

पॅचदोरा

खर्जाबद्दल माझं चुकलं, 'हिप~' लूपमध्ये आहे हे वाचूनही लक्षात घेतलं नाही.

जवारी (तंबोऱ्याचा तो झंकार) हवी असेल तर आता करून बघा: तारेच्या आवाजाचा वर्ग करून, अगदी थोडा, डिलेच्या वेळातून वजा करा. ०.०१ मिलिसेकंदापासून सुरुवात. छेडताना सूर किंचित हलतो आणि मग बसतो, वरचे स्वर उघडतात. जास्त केलंत तर खर्ज पुन्हा चढेल, तेव्हा 'सिगमंड~' जोडलेला राहू द्या.