ब्रास बर्मिंगहॅम: कालव्यांच्या काळात नक्की काय करायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघं मित्र सध्या ब्रास: बर्मिंगहॅम (२०१८ची आवृत्ती) हा बोर्डगेम खेळतोय. नियम पाठ झालेत, डाव मात्र हातात येत नाही. पहिला अर्धा खेळ कालवे खणायचे, गिरण्या-खाणी उभ्या करायच्या, आणि काळ संपला की सगळे कालवे आणि पहिल्या पातळीचे उद्योग बोर्डावरून गायब! मग एवढा खटाटोप कशाला? त्यात कर्ज. ३० पौंड मिळतात, पण उत्पन्न तीन पायऱ्या घसरतं. आमच्यातला एक जण कर्जाला हातच लावत नाही, आणि आता म्हणतोय की हा खेळ विकून टाकू. मला मात्र दर डावात काहीतरी नवीन दिसतं, म्हणून सोडवत नाही.

पुढच्या डावात कशाकडे लक्ष देऊ? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १:
विकू नका हो! दुसऱ्या पातळीचे उद्योग दुसऱ्या अर्ध्या खेळात, म्हणजे रेल्वेच्या काळातही टिकतात. म्हणजे ते कालव्यांच्या काळातच बांधून उलटवले (माल विकला किंवा साठा संपला की उद्योगाची टाइल उलटते, तेव्हाच तिचे गुण धरतात), तर दोन्ही काळांच्या शेवटी मिळून गुण दोनदा. त्यासाठी लोखंड वापरून पहिल्या पातळीच्या टाइल्स आधीच बाजूला काढायच्या, एका कृतीत दोन निघतात. एक अख्खा डाव फक्त हे करून बघा, हरलात तरी चालेल. कर्ज सुरुवातीलाच काढा. उत्पन्न तेव्हा तसंही शून्यावर असतं, आणि टाइल्स उलटल्या की ते परत चढतं. तुमचा कोळसा दुसऱ्याने उचलला तर चिडू नका, खाण रिकामी झाली की टाइल तुमचीच उलटते.

प्रतिसाद २:
खेळण्याचा क्रमही बघा. ज्याने फेरीत कमी खर्च केला तो पुढच्या फेरीत आधी. शेवटी खेळून सगळ्यांत कमी खर्च केलात, तर या आणि पुढच्या फेरीतल्या मिळून सलग चार कृती मिळतात! आमच्याकडे निम्मे डाव यावरच फिरतात.

धागाकर्ता:
वा, क्रमाचा असा विचारच केला नव्हता. रविवारी बसतोय. एक शंका: माल विकताना बिअर लागते, ती दुसऱ्याची घ्यायची तर तिथवर कालव्याची किंवा रेल्वेची जोडणी लागते ना?

प्रतिसाद १:
हो, लागते. स्वतःच्या ब्रूअरीतली (बिअरच्या कारखान्यातली) बिअर बोर्डावर कुठूनही चालते. रेल्वेच्या काळात ब्रूअरीत दोन पिंपं येतात, तेव्हा एखादी आडबाजूला, कोणाची जोडणी पोचणार नाही अशा जागी बांधून ठेवा.