मिशनवरच्या गाड्यांचा हिशेब कसा ठेवतात? वाडीतला ट्रॅकिंगचा अनुभव तिथे पुरेल का?

वाडीवाली (नागपूर)

नमस्कार मंडळी. मी वाडीला, अमरावती रोडवरच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये काम करते. दिवसभर स्क्रीनसमोर असते. कोणता ट्रेलर कोंढाळीच्या पुढे गेला, कोण तळेगावच्या ढाब्यावर तासभर थांबला, कोणाच्या टाकीतलं डिझेल रात्रीतून खाली गेलं, कोणाच्या फास्टॅगमधले पैसे संपले, हे सगळं बघायचं आणि ड्रायव्हर, मालक, पार्टी या तिघांनाही सांभाळायचं. कामात मी चांगली आहे, हे इथे मोकळेपणानं लिहिते.

आता संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेतून दक्षिण सुदानच्या शांतता मिशनमध्ये, ट्रान्सपोर्ट विभागात माझी निवड झाली आहे. ठिकाण जुबा. आई रोज रडून राहिली, बाबा म्हणतात जा. मला स्वतःला काळजी आहे ती कामाची. इथे चांगला हायवे आहे, नेट आहे, गाडी बंद पडली तर जवळपास कोणीतरी मेकॅनिक सापडतोच. तिथे यातलं काहीच गृहीत धरता येणार नाही, असं वाचलं.

तिथे गाड्यांवर लक्ष कसं ठेवतात? भर कशावर द्यायचा? आणि जायच्या आधी नागपुरातच काय शिकून घेऊ? मिशनवर जाऊन आलेलं कोणी असेल तर कृपया सविस्तर सांगा.

कामठीकर_ईएमई

बेटा, आधी मनापासून अभिनंदन. मी ईएमईतून, म्हणजे सैन्याच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागातून, नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. घर कामठीला. मलाकालला आपल्या बटालियनसोबत वर्कशॉप सांभाळलं आहे, म्हणजे तुझ्याच मिशनमध्ये, फक्त जुबाच्या बरंच उत्तरेला, नाईलच्या काठी.

पहिली गोष्ट ही समज की तिथे गाड्यांची दोन घरं असतात. एक संयुक्त राष्ट्रांच्या स्वतःच्या गाड्या, पांढऱ्या लँड क्रूझर वगैरे, त्या तुझ्या विभागाकडे. दुसऱ्या आमच्यासारख्या तुकड्यांनी आपल्या देशातून नेलेल्या. या दुसऱ्या गाड्यांचा करार देश आणि संयुक्त राष्ट्रांमध्ये होतो. वेट लीज असेल तर दुरुस्ती आणि पार्ट देशानं बघायचे. ड्राय लीज असेल तर गाडी देशाची, पण देखभाल संयुक्त राष्ट्रांची. १९९६ पासून ही पद्धत चालू आहे. गाडीमागे महिन्याला ठरलेला परतावा देशाला मिळतो आणि तो मिळावा म्हणून तपासणी होते: गाड्या पोहोचल्यावर, मग दर तिमाहीला, आणि परत निघताना. करारातल्या त्या त्या प्रकारच्या निदान ९० टक्के गाड्या चालू पाहिजेत. त्याखाली गेलं की पैसे कापले जातात.

तपासणी म्हणजे कागदावर टिकमार्क नाही बरं का. टीम येते आणि गाडी चालू करायला लावते. हेडलाइट, हॉर्न, वायपर, जॅक, स्टेपनी, अग्निशामक, पांढऱ्या रंगावरची काळी यूएन अक्षरं, सगळं बघते. आमचे पोट्टे आदल्या रात्री टॉर्च घेऊन एकेका गाडीखाली शिरायचे.

आता मुद्द्याचं. नकाशावरचा ठिपका सगळ्यात शेवटी बघ. सकाळी ऑफिसात गेली की आधी व्हीओआरचा (व्हेइकल ऑफ रोड) बोर्ड बघ, म्हणजे आज कोणत्या गाड्या जागेवर उभ्या आहेत ते. आमच्याकडे एकदा भर पावसाळ्यात पाण्याचा टँकर उभा राहिला. कारण काय, तर चाकाच्या हबचं ऑइल सील. चिखल आत गेला, ग्रीस धुऊन गेलं, बेअरिंग घासलं. तळहातावर मावेल एवढं ते सील, पण ते जुबाहून येईपर्यंत अख्ख्या कॅम्पला पाणी मोजून मिळालं. ट्रॅकरवर तो टँकर अगदी व्यवस्थित दिसत होता. ठिपका हिरवा आणि टाकी कोरडी.

काहून एवढा वेळ लागतो ते सांगतो. मालाचा मोठा रस्ता मोम्बासा बंदरातून. तिथून केनिया, युगांडा, निमुले नाक्यावरून जुबा. जुबाच्या पुढे मलाकालला जायचं तर पावसाळ्यात रस्ता नसल्यातच जमा. नदीनं बार्ज (माल नेणारी सपाट बोट), नाहीतर विमान. तिथली माती आपल्या यवतमाळ-वर्ध्याच्या काळ्या मातीसारखीच आहे. ओली झाली की चाकाच्या कमानीत अशी ठासून बसते की चाक फिरेनासं होतं, मग पोरं सब्बल घेऊन ती खणून काढतात. म्हणून पावसाळ्याचे पार्ट उन्हाळ्यातच पुढच्या कॅम्पवर पोहोचले पाहिजेत. कोणत्या गाडीला काय लागेल हे आधी सांगता येतं ते रेकॉर्डमुळे. तू ज्या कामाला चालली आहेस त्याची खरी किंमत इथे आहे.

एंटेबे_रिटर्न

ताई, मी युगांडात संयुक्त राष्ट्रांच्या एंटेबेच्या सेवा केंद्रात आणि नंतर एका मिशनच्या ट्रान्सपोर्ट विभागात नागरी कर्मचारी होतो. आता नागपुरातच, मनीषनगरला. साहेबांचं बहुतेक सगळं पटलं, पण ठिपका शेवटी बघ हे मला मान्य नाही.

मी होतो तिथे गाड्यांत कारलॉग नावाचं यंत्र होतं. ड्रायव्हरनं आपल्या परमिटचं कार्ड लावल्याशिवाय गाडी घ्यायचीच नाही. कोण चालवतो, किती वेगानं, किती किलोमीटर, कुठे करकचून ब्रेक मारला, सगळी नोंद. सोबत कागदी ट्रिप तिकीट. खाजगी कामाला फेरी मारली तर त्याचे पैसे कर्मचाऱ्याकडून वसूल होतात, त्यामुळे नोंदीवरून वाद होणारच. तू नोंद जशी आहे तशी ठेव, मग समोर कितीही मोठा साहेब असो. इंधनाचंही तसंच: गाडीत किती भरलं आणि ती किती चालली, हे दर महिन्याला जुळवायचं. डिझेलचोरी ओळखायची वाडीतली तुझी नजर तिथे फार कामी येईल.

पण रस्त्यावर निघालेल्या ताफ्याचं काय? ९ एप्रिल २०१३ ला दक्षिण सुदानच्या जोंगलेई प्रांतात गुमुरुकजवळ ताफ्यावर हल्ला झाला आणि आपले ५ जवान गेले. जिथे मोबाइलला रेंज नाही तिथे ताफा कुठे आहे हे बेसवर माहीत असणं ही जिवाची गोष्ट आहे. कोडान कंपनीचा लांब पल्ल्याचा एचएफ रेडिओ, ठरलेल्या वेळी रेडिओ चेक, आणि चेक आला नाही तर पुढच्या मिनिटाला कोणाला कळवायचं याचा कागद टेबलावर. धोक्याच्या भागात एकटी गाडी सोडत नाहीत.

आणि एक गोष्ट इथेच मनात पक्की कर. वाडीत आपण पार्टीला लाइव्ह लोकेशनची लिंक पाठवून मोकळे होतो. तिथे गाडीचं लोकेशन ऑफिसबाहेर जात नाही. मैत्रिणीला नाही, व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाही, स्क्रीनचा फोटो तर अजिबात नाही.

डंपरवाला_उमरेड

मी कोळसा खाणीत डंपरच्या मेंटेनन्सला आहे. मिशनचं काही माहीत नाही, पण किलोमीटरवर सर्व्हिस ठरवत असाल तर सांभाळा. आमच्याकडे सगळं इंजिनाच्या तासांवर चालतं. तिथेही गाड्या एसी आणि रेडिओसाठी तासन् तास उभ्या जागी चालू राहत असतील. मीटर पुढे सरकत नाही आणि इंजिन ऑइल मात्र जळून जातं. चिलखती गाडी असेल तर तिचं वजनच एवढं की ब्रेक आणि सस्पेन्शन साध्या गाडीच्या आधी जातील. हबचं सील, एअर फिल्टर, फॅनबेल्ट हे हातात घेऊन बघायचं असेल तर एखाद्या रविवारी उमरेडला या ताई, ओळखीच्या गॅरेजात सगळं उघडून दाखवतो.

वाडीवाली (नागपूर)

काका, दादा, तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू! रेडिओ चेकचा आणि लोकेशनचा मुद्दा वहीत लिहून ठेवला. उमरेडला नक्की येते, बाबांना सोबत आणते. त्यांनाही बघायचं आहे.

काका, एक विचारायचं होतं. व्हीओआरचा बोर्ड मी आजपासून इथल्या ट्रेलरवरच बनवून बघावा म्हणते, सवय होईल. त्यात रकाने कोणते ठेवू? आणि माझं लायसन्स फक्त कारचं आहे, चालेल का?

कामठीकर_ईएमई

एंटेबेवाल्या भावाचं बरोबर आहे. ताफा बाहेर असेल तेव्हा रेडिओ आणि नकाशा आधी. मी बेसवरच्या सकाळचं बोलत होतो.

बोर्ड साधा ठेव. गाडी नंबर, प्रकार, कोणत्या तारखेपासून उभी, आणि मग सगळ्यात महत्त्वाचा रकाना: कशासाठी उभी. तिथे नुसतं 'दुरुस्ती' लिहू नको. पार्ट नाही, मेकॅनिक नाही, अपघाताची चौकशी बाकी, की गाडी निकाली (भंगारात) काढायचा कागद कमिटीकडे अडकला, हे वेगळं वेगळं लिही. मी बघितलंय, कित्येक गाड्या पार्ट हातात असूनसुद्धा एका सहीसाठी उभ्या राहतात. ती सही कोणाची बाकी आहे हे बोर्डावर दिसलं की काम हलतं. त्यापुढे पार्टचा नंबर, मागणी कधी टाकली, माल आता कुठे आहे (मोम्बासा, निमुले, जुबा, बार्जवर), आणि अपेक्षित तारीख. अपेक्षित तारीख बदलली तर जुनी पुसू नको, तिच्यावर रेघ मार आणि शेजारी नवी लिही. तीनदा रेघ पडली की तो विषय वर न्यायचा.

आणखी एक रकाना टाक. या गाडीचा पार्ट काढून दुसरीला लावला आहे का? आणीबाणीत लावावा लागतो, पण परवानगी घेऊन आणि लिहूनच. नाहीतर सहा महिन्यांत एक गाडी नुसता सांगाडा होते आणि कोणाला कळत नाही कसा झाला.

लायसन्सचं म्हणशील तर गिरीपेठच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घे, एका वर्षाचा मिळतो. पण मिशनवर त्यांची वेगळी चाचणी होते, ती पास झाल्याशिवाय गाडी हाती देत नाहीत. तिथे स्टिअरिंग डावीकडे आणि गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं. फोर बाय फोरचा लो गिअर कधी लावायचा, आणि फसलेली गाडी विंचनं किंवा दोरानं कशी ओढायची हे शिकून जा. माझ्या ओळखीच्या एकाकडे जुनी जिप्सी आहे. पाऊस पडून गेला की कन्हानकडच्या एखाद्या शेताच्या बांधावर ती फसवून दाखवतो, तू काढ. आईलाही घेऊन ये, आमच्या हिच्याशी बोलेल. मी मलाकालला असताना ती इथे एकटीच होती.