राइट बॅकची कारकीर्द कशी घडते? व्लादिमीर त्सोउफालच्या निमित्ताने एक प्रश्न

पंचवटीकर

नमस्कार. माझा मुलगा अकरावीत आहे. आधी शाळेच्या संघातून आणि आता नाशिकमधल्याच एका क्लबकडून तो फुटबॉल खेळतो. आजवर तो आघाडीला खेळत असे, परंतु या मोसमात प्रशिक्षकांनी त्याला राइट बॅकच्या, म्हणजे उजव्या कडेच्या बचावपटूच्या, जागी आणले आहे. त्याचा दम चांगला आहे आणि चेंडू गमावल्यावर मागे धावत येण्यात तो कुचराई करत नाही, हे कारण त्यांनी दिले. मुलाला मात्र आपल्याला खालच्या जागेवर ढकलले असे वाटते आहे.

त्याला धीर यावा म्हणून मी बचावपटूंच्या कारकिर्दी वाचू लागलो, तेव्हा चेक प्रजासत्ताकाच्या व्लादिमीर त्सोउफालचे नाव समोर आले. 1992 मध्ये ऑस्ट्राव्हा शहरात जन्मलेला हा राइट बॅक 2020 च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे वयाच्या 28 व्या वर्षी, वेस्ट हॅमकडून इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये उतरला आणि पुढची पाच वर्षे त्याच क्लबात राहिला. मुलानेही हे वाचले आणि त्यातून वेगळाच अर्थ काढला. बचावपटूला उशीर झाला तरी चालतो, तेव्हा बारावीची परीक्षा होईपर्यंत सामने खेळणे थांबवले तरी काही बिघडणार नाही, असे त्याचे म्हणणे आहे.

अभ्यासाला माझा विरोध असण्याचे कारणच नाही, परंतु हा निष्कर्ष त्या कारकिर्दीतून खरोखर निघतो का, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. राइट बॅक ही संघातली दुय्यम जागा आहे का, हेही कोणी सविस्तर सांगितले तर मुलाला वाचायला देईन.

बचावफळी

हा निष्कर्ष निघत नाही. त्सोउफाल प्रीमियर लीगमध्ये उशिरा दिसला ही गोष्ट खरी आहे, पण तोपर्यंत तो थांबलेला नव्हता. आपण त्याची कारकीर्द इंग्लंडपासून मोजतो, कारण आपल्याकडे दूरचित्रवाणीवर इंग्लंडचेच सामने दिसतात.

त्याने सुरुवात केली ती ह्लुचिनच्या क्लबातून. हे सुमारे 14 हजार वस्तीचे गाव आहे, म्हणजे आपल्या सिन्नरपेक्षाही कितीतरी लहान. तेथून तो जवळच्याच ओपाव्हा शहराच्या क्लबाकडून खेळला आणि मग देशाच्या उत्तर टोकाला असलेल्या स्लोव्हान लिबेरेत्स या क्लबात गेला. लिबेरेत्स हेही लाखभर वस्तीचेच शहर आहे, पण त्या क्लबाने 2012 मध्ये चेक लीगचे विजेतेपद मिळवले होते, आणि त्या संघाचा राइट बॅक थेओडोर गेब्रे सेलासी त्याच वर्षी जर्मनीच्या वेर्डर ब्रेमेनकडे गेला होता. म्हणजे त्या क्लबातून त्याच जागेवरचा एक खेळाडू परदेशी गेल्याचे उदाहरण अगदी ताजे होते. लिबेरेत्समध्ये त्सोउफाल नियमित खेळला, आणि नोव्हेंबर 2017 मध्ये, 25 व्या वर्षी, राष्ट्रीय संघातून पहिला सामना खेळला.

यातला दुवा सहसा कोणी सांगत नाही, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लिबेरेत्समध्ये त्याचे प्रशिक्षक यिंद्रिख त्रपिशोव्स्की होते. ते 2017 च्या अखेरीस प्रागच्या स्लाव्हिया क्लबाकडे गेले आणि 2018 च्या उन्हाळ्यात त्सोउफालही स्लाव्हियात दाखल झाला. त्रपिशोव्स्कींचा संघ मैदानभर प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर जाऊन खेळतो. अशा खेळात राइट बॅकला समोरच्या विंगरच्या (कडेने चढाई करणाऱ्या खेळाडूच्या) मागे थेट मध्यरेषेपलीकडे जावे लागते आणि चेंडू हुकला की तितकेच अंतर परत धावावे लागते. हे काम कोण न थकता करतो, हे त्या प्रशिक्षकाने लिबेरेत्समध्ये जवळून पाहिले होते. एखाद्या खेळाडूला मोठ्या क्लबाचे दार उघडते ते अनेकदा अशा ओळखीतून, आणि ही ओळख शेकडो सरावांतून आणि सामन्यांतून तयार झालेली असते. वर्ष-दोन वर्षे मैदानाबाहेर राहिलेल्या मुलाची अशी ओळख कोणत्या प्रशिक्षकाच्या मनात राहणार?

स्लाव्हियातली दोन वर्षे फार भरीव होती. 2018-19 आणि 2019-20 अशी लागोपाठ दोन लीग विजेतेपदे मिळाली. 2019 चा चेक करंडकही मिळाला, आणि तो त्याच्या जन्मगावच्या बानिक ऑस्ट्राव्हा संघाला अंतिम सामन्यात 2-0 असे हरवून. त्याच मोसमात हा संघ युरोपा लीग या युरोपीय क्लब स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला आणि चेल्सीकडून दोन चुरशीच्या सामन्यांनंतर बाद झाला. पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या सर्वांत मोठ्या क्लब स्पर्धेच्या गटात बार्सेलोना, इंटर आणि डॉर्टमुंड असे तिन्ही बलाढ्य संघ वाट्याला आले. तरीही स्लाव्हियाने बार्सेलोनाला त्यांच्याच मैदानावर 0-0 असे रोखले आणि मिलानमध्ये इंटरशी 1-1 अशी बरोबरी साधली. वेस्ट हॅमने त्याला घेतले ते या सगळ्यानंतर. तेव्हा 28 हे वय सुरुवातीचे नव्हते. त्यामागे जवळपास दहा वर्षांचा अखंड खेळ होता.

गोदाकाठ

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, मात्र आपल्याकडची अडचण त्यात विचारात घेतलेली नाही. ह्लुचिनचा मुलगा दहा वर्षे अखंड खेळू शकतो, कारण त्याला खेळायला सामने मिळतात. नाशिकच्या मुलाला ते मिळतात का?

2011 च्या जनगणनेनुसार एकट्या नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या 61 लाख होती, आणि संपूर्ण चेक प्रजासत्ताकाची लोकसंख्या आहे सुमारे 1 कोटी 9 लाख. एवढ्या लहान देशात वरच्या लीगमध्ये 16 क्लब, त्याखाली दुसरी लीग, त्याखाली बोहेमिया आणि मोराव्हिया-सायलेशिया अशा प्रादेशिक लीग आणि त्याच्याही खाली थेट गावपातळीपर्यंत स्पर्धांची उतरंड आहे. जो संघ चांगला खेळतो तो वर चढतो, जो वाईट खेळतो तो खाली उतरतो, आणि प्रत्येक पायरीवर मोसमभर दर आठवड्याला सामना असतो. बचावपटूसाठी हे आघाडीच्या खेळाडूपेक्षाही अधिक गरजेचे आहे. नेम, फटका, चेंडूवरचा ताबा या गोष्टी एकट्याने भिंतीसमोरही घोटता येतात. समोरचा विंगर आत वळणार की रेषेकडून जाणार, प्रतिस्पर्ध्याला ऑफसाइड, म्हणजे बचावरेषेच्या मागे नियमबाह्य जागी, पकडण्यासाठी सगळ्यांनी मिळून केव्हा पुढे सरकायचे, सेंटर बॅक (मधला बचावपटू) बाहेर ओढला गेला तर त्याची जागा कोणी भरायची, हे मात्र खऱ्या सामन्यातच शिकता येते, तेही दर वेळी वेगळा प्रतिस्पर्धी समोर असताना.

आपल्याकडे शालेय मुलांच्या वाट्याला प्रामुख्याने सुब्रतो करंडकासारख्या आंतरशालेय स्पर्धा येतात. त्यांच्या जिल्हा फेऱ्या पावसाळ्याच्या सुमारास होतात आणि अनेकदा बाद पद्धतीने खेळवल्या जातात. चिखलात एक सामना हरला की त्या संघाचे वर्ष संपले. शहरातली मोठी मैदाने क्रिकेटला आधी मिळतात. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजी सामने होतात याचा मलाही अभिमान आहे, परंतु फुटबॉलसाठी वर्षभर राखलेले, गवत असलेले मैदान मुलांना सहजी मिळत नाही, हे येथे खेळणारा प्रत्येक जण जाणतो. म्हणून पंचवटीकरांना माझे सांगणे असे की मुलाचा सराव टिकेलच, पण त्याचे सामने कसे टिकतील याकडे आधी लक्ष द्यावे. वयाने मोठ्या खेळाडूंच्या संघात आठवड्यातून एक सामना मिळाला तरी चालेल, आणि परीक्षेच्या दिवसांतही तेवढा वेळ निघू शकतो. देवळाली, सातपूर, गंगापूर रोड या भागांत रविवारी सकाळी खेळणारे गट आहेत. तेथे अनुभवी आघाडीपटूंसमोर बचाव करायला मिळणे ही त्याच्यासाठी मोठी शिकवणी ठरेल.

पंचवटीकर

दोघांचेही मनापासून आभार. रविवारच्या सामन्यांची कल्पना मुलाला पटली आहे. आता दुसऱ्या प्रश्नाबद्दलही कोणी लिहावे. राइट बॅक फक्त अडवतो, खेळ घडवणारे दुसरेच असतात, ही त्याची समजूत अजून गेलेली नाही. त्सोउफालचे कोणते सामने त्याला दाखवावेत?

उजवी कड

2020 च्या युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेपासून सुरुवात करावी. ती महामारीमुळे 2021 च्या उन्हाळ्यात झाली. स्कॉटलंडविरुद्धचा ग्लासगोतला सामना सर्वांच्या लक्षात राहिला तो चेक आघाडीपटू पात्रिक शिकने जवळपास मध्यरेषेवरून मारलेल्या दुसऱ्या गोलमुळे. मुलाला मात्र त्याआधीचा, मध्यंतराच्या थोडा आधी झालेला पहिला गोल दाखवा. उजव्या बाजूने पुढे आलेल्या त्सोउफालने क्रॉस (कडेवरून गोलसमोर मारलेला चेंडू) टाकला आणि शिकने तो डोक्याने जाळ्यात घातला. डेन्मार्कविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात चेक संघ 2-1 असा हरला, पण त्यांचा एकमेव गोलही त्सोउफालच्या उजवीकडून आलेल्या क्रॉसवर शिकनेच केला. त्या स्पर्धेत शिकचे पाच गोल झाले आणि सर्वाधिक गोलांत तो रोनाल्डोच्या बरोबरीला होता. त्यांपैकी दोन गोलांचा शेवटचा पास राइट बॅकचा होता, तेव्हा खेळ घडवणारे दुसरेच असतात असे कसे म्हणता येईल?

हे क्रॉस पाहताना चेंडूकडे न पाहता त्सोउफालच्या धावेकडे पाहण्यास सांगा. तो पुढे केव्हा निघतो? वेस्ट हॅममध्ये त्याच्या पुढे बहुतेक वेळा जॅरड बोवेन असे. बोवेन डाव्या पायाचा असल्याने चेंडू घेऊन आत वळायचा, त्याच्याबरोबर समोरचा लेफ्ट बॅकही आत ओढला जायचा, आणि मग रेषेजवळ रिकाम्या झालेल्या पट्ट्यात त्सोउफाल बाहेरून वळसा घालून शिरायचा. कधी चेंडू त्याच्याकडे यायचा, कधी यायचा नाही. न आला तरी त्या धावेमुळे एक प्रतिस्पर्धी बाहेर खेचला जातो आणि बोवेनला फटक्यासाठी जागा मिळते. ही धाव आकडेवारीत कोठेही दिसत नाही. जो मुलगा पूर्वी आघाडीला खेळला आहे त्याला ही जागा कशी मोकळी होते हे इतरांपेक्षा लवकर कळेल, आणि प्रशिक्षकांनी त्याला येथे आणण्यामागे कदाचित हाही विचार असेल.

याच युरोतला नेदरलँड्सविरुद्धचा बुडापेस्टचा सामना पूर्ण दाखवावा. डावा बॅक यान बोर्झिल निलंबित होता, म्हणून मूळचा राइट बॅक असलेला पावेल काडेर्झाबेक डावीकडे खेळला आणि उजवी बाजू त्सोउफालने सांभाळली. एकाच जागेसाठी स्पर्धा करणारे दोघे एकाच वेळी मैदानात होते, आणि चेक संघाने तो सामना 2-0 असा जिंकला. एका जागेवर नीट बचाव करायला शिकलेला खेळाडू संघाला दुसऱ्या जागेवरही उपयोगी पडतो, हे यातून दिसते.

त्सोउफालच्या कारकिर्दीतला सर्वांत आनंदाचा क्षण कदाचित 7 जून 2023 चा असावा. वेस्ट हॅम आणि इटलीचा फिओरेंटिना यांच्यातला कॉन्फरन्स लीग या युरोपीय क्लब स्पर्धेचा अंतिम सामना प्रागमध्ये, स्लाव्हियाच्याच मैदानावर झाला. जेथे दोन लीग विजेतेपदे साजरी केली त्या मैदानावर तो पाहुण्या क्लबाच्या रंगात परतला. सोबत तोमाश सोउचेकही होता, जो त्याच्याआधी काही महिने स्लाव्हियातूनच वेस्ट हॅमला गेला होता. वेस्ट हॅमने 2-1 असा विजय मिळवला. बोवेनने अखेरच्या मिनिटांत विजयी गोल केला आणि 1980 च्या एफए करंडकानंतर क्लबाला पहिला मोठा करंडक मिळाला.

मुलाला सगळे सांगायचे तर एक कमी सुखद गोष्टही सांगावी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, मोल्दोव्हाविरुद्धच्या निर्णायक पात्रता सामन्याच्या तोंडावर, शिस्तभंगामुळे त्सोउफालला आणखी दोन खेळाडूंसह राष्ट्रीय संघाच्या शिबिरातून घरी पाठवण्यात आले. संघ त्यांच्याविना जिंकून युरोसाठी पात्र ठरला. नंतर प्रशिक्षक बदलले, त्सोउफाल परतला आणि 2024 च्या युरोमध्ये खेळला. पोर्तुगालविरुद्ध लुकाश प्रोव्होदने दुरून मारलेल्या गोलाचा पास त्याचाच होता. 2025 मध्ये वेस्ट हॅमचा करार संपल्यावर तो जर्मनीच्या होफेनहाइमकडे गेला, ज्या क्लबाने 2015 मध्ये काडेर्झाबेकला घेतले होते.

सरावासाठी एक सुचवतो. येत्या रविवारच्या सामन्यात मुलाने किती वेळा चेंडू हिसकावला हे मोजू नका. विंगरला त्याने किती वेळा रेषेकडे वळायला भाग पाडले, आणि पुढे गेल्यावर चेंडू गमावला असता तो किती लवकर आपल्या सेंटर बॅकच्या ओळीत परतला, एवढेच टिपून ठेवा आणि ते प्रशिक्षकांना दाखवा.