१५ हजारांचा फोन तिसऱ्या वर्षात दमलाय, बॅटरी बदलू का नवीनच घेऊ?

बार्शीचा_बोक्या
नमस्कार मंडळी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, इथं लगेच भांडणं लागतात. १५ हजारांच्या आतला फोन आहे, ६ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज, ५००० एमएएच बॅटरी. मी मेडिकलमध्ये बसतो आणि घरची शेतीपण बघतो, म्हणजे दिवसभर युपीआय, व्हॉट्सॲपवर चिठ्ठ्यांचे फोटो, होलसेलवाल्याला ऑर्डर, रात्री जरा युट्यूब, बास. गेम वगैरे आपल्याला जमत नाही. आता झालंय असं की दुपारी चहाच्या टायमालाच १५ टक्क्यांवर येतो, अन गिऱ्हाईक समोर उभं असताना पैसे आले का बघायला ॲप उघडावं तर नुसतं गोल गोल फिरत बसतं. परवा ई-पीक पाहणीला शेतात गेलो तर उन्हात स्क्रीनवर काय दिसंना, ब्राइटनेस फुल केला तर पाच मिनिटात आपोआप कमी होतोय. मोबाईलवाला म्हणतो यात आता दम नाही राहिला, १८ हजारात नवीन घ्या, ईएमआय करून देतो. बायको म्हणते बॅटरी बदला गप. अन नवीन घ्यायचाच तर बघायचं काय? जाहिरातीत सगळा कॅमेराच असतो.

रंकाळा_रिपेअर
भावा, वहिनी बरोबर बोलतात. ही बॅटरी साधारण ५०० ते ८०० वेळा फुल चार्ज झाली की तिची ताकद नव्याच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते, तू रोज एकदा चार्ज करत असशील तर दोन-अडीच वर्षात तेवढं होतंच, त्यात तुझ्या फोनचा काय दोष नाही. हजार-दीड हजारात काम होतंय. फक्त गल्लीत कुठं पण टाकू नको, सर्व्हिस सेंटरला कंपनीची ओरिजिनल मिळते का बघ, नसली तर ओळखीच्या माणसाकडं जा आणि समोर उभं राहून टाकून घे. मागचं पॅनल गरम करून उघडतात, घाईत उघडलं की डिस्प्लेला तडा जातो आणि मग खरा खर्च सुरू. अमोलेड (एलसीडीपेक्षा भारीतला) डिस्प्ले असला तर तडा गेल्यावर नकली कॉपी टाकून घेऊच नको, त्या बहुतेक एलसीडी असतात, स्क्रीनमधला फिंगरप्रिंट त्यावर चालत नाही, माझ्याकडं दर आठवड्याला असं रडत कोणतरी येतंय. आणि मागचं पॅनल जरा फुगल्यासारखं दिसत असेल तर आजच चार्जिंग बंद कर, बॅटरी फुगलेली असू शकते, ते प्रकरण धोक्याचं.

गोदाकाठची
बॅटरीचं झालं, पण ते गोल गोल फिरणं बॅटरीचं नाहीये हो दादा, ते स्टोरेजचं आहे. १२८ मधले १२० भरलेले असणार, लावा पैज. स्टोरेज गच्च भरलं की लिहायला मोकळी जागा शोधण्यातच फोनचा वेळ जातो, त्यामुळे १५-२० जीबी तरी कायम रिकामे ठेवायचे. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा, त्यात मॅनेज स्टोरेज, तिथे ५ एमबीपेक्षा मोठ्या फायली आणि सारखे सारखे फॉरवर्ड झालेले मेसेज वेगळे काढून दाखवतं, माझ्या सासऱ्यांच्या फोनमध्ये नुसत्या सुप्रभात आणि वाढदिवसाच्या व्हिडिओंनी जागा खाल्ली होती. ऑटो डाउनलोड बंद करा, चिठ्ठी आली की हाताने उघडायची. तसंही दुसऱ्यांच्या औषधांचे कागद फोनमध्ये साठवून काय करायचंय, काम झालं की उडवा. बॅकअपचं पण लक्षात ठेवा, तो आता गुगलच्या फुकटच्या १५ जीबीतच मोजतात. आणि व्हर्च्युअल रॅम ८ जीबी वगैरे चालू केली असेल तर बंद करून बघा, ती स्टोरेजमधूनच घेतात, नुसतं नाव रॅम.

शनिवारपेठी
एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा त्याच पैशात दोन वर्षं जुना भारीतला फोन सेकंडहँड घ्यावा. ५० मेगापिक्सेलच्या नावाखाली फोटो शेवटी साडेबारा मेगापिक्सेलचाच निघतो आणि सोबत २ मेगापिक्सेलचा मॅक्रो (जवळून फोटो काढायचा कॅमेरा) शोभेला. हे नवीन १८ हजारी घेण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही.

संत्रानगरी
अहो भाऊ, तुम्हाले पुण्यात सोपं आहे. बार्शीच्या माणसानं तो भारीतला फोन बिघडल्यावर नेयाचा कुठं? अन जुना म्हणजे त्याची बॅटरीबी जुनीच, पुन्हा तेच रामायण. घ्यायचाच असन तर आधी *#०६# डायल करून आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) पाहा, केवायएम लिहून स्पेस द्या, पुढे तो नंबर, अन १४४२२ वर एसएमएस टाका, चोरीचा म्हणून ब्लॉक आहे का ते कळते.

बोक्याभाऊ, ब्राइटनेसचं सांगतो. फोन तापला की स्वतःला वाचवायले स्क्रीन मंद करतो, तो बिघाड नाही. आमच्याकडं मे महिन्यात तर बाहेर काढला की पाच मिनिटात मंद. काळं जाड कव्हर काढा, गाडीच्या होल्डरवर उन्हात चार्जिंग लावू नका, पाहणीले सकाळीच जा. अन गावात ५जीची रेंज धड नसन तर नेटवर्क ४जीवर ठेवा. एअरटेलचं ५जी बहुतेक ठिकाणी ४जीच्या आधारावर चालते, फोनले दोन्ही सिग्नल धरून बसावं लागते, कमजोर रेंजमध्ये बॅटरी भरभर उतरते. जिओचं तसं नाही, ते स्वतंत्र आहे, पण रेंज नसली का तेबी फोनले शोधायला लावतेच.

गोदाकाठची
आणि नवीन घेतलाच तर मेगापिक्सेल सोडा, दोन गोष्टी विचारा. एक, स्टोरेजची चिप यूएफएस (वेगवान) आहे का ईएमएमसी (हळू), स्वस्तात ईएमएमसी टाकतात आणि दोन वर्षांनी हेच गोल गोल. दुसरं, सिक्युरिटी अपडेट किती वर्षं. सॅमसंगने ए१६ ५जी सारख्या स्वस्त फोनला ६ वर्षं जाहीर केलीत, बरेच जण दोन-तीनवर थांबतात. दिवसभर पैशाचे व्यवहार फोनवर करणाऱ्याला हे कॅमेऱ्यापेक्षा जास्त महत्त्वाचं. तुमच्या आत्ताच्या फोनमध्ये अबाऊट फोनमध्ये जाऊन शेवटचा पॅच, म्हणजे सिक्युरिटी अपडेट, कधीचा आहे बघा, वर्षभर जुना असेल तर मग मोबाईलवाल्याचं थोडं ऐका.

बार्शीचा_बोक्या
ताई पैज जिंकलात, १२१ भरलेले होते. ४० जीबी नुसतं व्हॉट्सॲप! त्यात भावकीच्या ग्रुपवरचे लग्नाचे व्हिडिओ, एकेक ९० एमबीचा. उडवल्यावर ॲप पहिल्यासारखं पटकन उघडायलंय. पॅच दोन महिन्यापूर्वीचा आहे, म्हणजे चालतंय. ५जी पण बंद केलं. शनिवारी होलसेलला सोलापूरला जाणारच आहे तर तिथं सर्व्हिस सेंटरला बॅटरी टाकून घेतो. रंकाळावाले, एकच, डेटा जातो का त्यात?

रंकाळा_रिपेअर
जात नाही, पण बॅकअप घेऊनच जा, नशिबाचा भरवसा नाही. सिम आणि मेमरी कार्ड काढून खिशात ठेव. टेस्ट करायला लॉक उघडून द्या म्हणाले तर तूच उघडून समोर उभा राहा, पॅटर्न कागदावर लिहून देऊ नको, त्यात तुझं युपीआय आहे. काही फोनात मेंटेनन्स मोड असतो, तो चालू केला की त्यांना फोन तपासता येतो पण तुझे फोटो, ॲप दिसत नाहीत. सेटिंग्जमध्ये सर्च करून बघ आहे का.