वेढा फोडला, उठवला की चुकवला?

पायवाट: लेकीच्या इतिहासाच्या वहीत 'महाराजांनी पन्हाळ्याचा वेढा फोडला' असं वाक्य होतं. तपासताना बाईंनी 'फोडला' खोडून 'उठवला' केलंय. मला दोन्ही खटकतात. वेढ्याला क्रियापद कुठलं लावायचं?

बोरूबहाद्दर: दुरुस्ती मूळ वाक्याहून वाईट! वेढा उठतो तेव्हा वेढणारी फौज डेरेदांडे गुंडाळून चालू लागते. आपण होऊन गेली तर वेढा 'उठला', कुणी हुसकावली तर 'उठवला'. पन्हाळ्याला यातलं काहीच झालं नाही. मार्च १६६० मध्ये आदिलशाहीचा सरदार सिद्दी जौहर गडाखाली येऊन बसला. नेताजी पालकरांनी बाहेरून वेढा उठवायचा प्रयत्न केला, तो फसला. १२ जुलैच्या रात्री महाराज बाहेर पडले, पण शिबंदी (गडावरची फौज) आत, जौहर खाली, वेढा जागच्या जागी. 'वेढ्यातून निसटले' लिहा, विषय संपला.

तिरकस: संपला कसा? चौक्या-पहाऱ्यांतून माणसं पार झाली म्हणजे वेढ्याला भोक पडलंच की. मग 'फोडला' का नको?

बोरूबहाद्दर: फोडायला तलवार चालावी लागते. रात्री, पावसात, आडवाटेने गेले तो वेढा चुकवला. 'फोडला' हवाच असेल तर त्याच मोहिमेत त्याची जागा आहे, पण ती विशाळगडाखाली. तिथे सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी आदिलशाहीच्या बाजूने वेढा घालून बसले होते. घोडखिंडीत बाजीप्रभू लढत होते तेव्हा महाराज हा वेढा फोडून गडावर गेले. बाहेर पडायला नव्हे, आत शिरायला!

पायवाट: हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि मग पन्हाळा 'पडला' म्हणायचं का?

बोरूबहाद्दर: नाही. सप्टेंबरात तो आदिलशाहीला 'खाली करून दिला'. पडतो तो लढून किंवा उपासमारीने. फितुरीनेही पडतो म्हणा.

जुनी पाटी: 'उठवला' कुठे शोभेल ते सांगते. तमिळनाडूतला जिंजीचा किल्ला, तेव्हा मराठ्यांकडे होता. मोगलांचा झुल्फिकारखान १६९० मध्ये तिथे पोचला आणि गड पडला १६९८ च्या जानेवारीत, म्हणून सर्रास 'आठ वर्षांचा वेढा' लिहितात. पण मध्ये संताजी आणि धनाजींनी खानाची रसद अशी तोडली, की १६९३ च्या सुरुवातीला त्याला जिंजी सोडून वांदिवाश या गावापर्यंत मागे हटावं लागलं. वेढा उठवला तो असा. पुढे खान परत आला, वेढा पुन्हा बसला. मला तर 'आठ वर्षांचा वेढा' हे खानावर उपकार केल्यासारखं वाटतं.

तिरकस: चुकवण्याचं पटलं. जाता जाता, 'मोर्चे लावले' म्हणजे काय? मोर्चा तर चालत जातो.

जुनी पाटी: आताचा चालतो. फारसीतून आलेला जुना मोर्चा गडासमोर ठाण मांडून बसायचा: मातीचा आडोसा, त्यामागे तोफा आणि बंदुकवाले. १६६५ मध्ये मिर्झाराजे आणि दिलेरखानाने पुरंदरभोवती असे मोर्चे लावले, ते हळूहळू तटाकडे सरकवत नेले. निवडणुकीआधी पक्ष 'मोर्चेबांधणी' करतात तो हाच मोर्चा, घोषणांचा नव्हे.